सोळा पिक्सेलांचा रणगाडा

प्रिय मित्रा,

तू पाठवलेली चित्रं पाहिली. नोकियाच्या जुन्या सिरीज ४० बटणफोनांच्या १२८ × १२८ पिक्सेलांच्या पडद्यावर चालणारा युद्धखेळ, आणि तू विचारतोस काय, तर रणगाड्याला हिरव्याच्या किती छटा हव्यात!

छटा राहू देत. सगळ्या तुकड्या काळ्या रंगाने भरून टाक आणि हात लांब करून बघ. तोफ कुठली, रणगाडा कुठला, तुला तरी सांगता येतंय का? तू ६४ × ६४ पिक्सेलांचं चित्र काढून ते १६ × १६ वर आणलंस. लहान करताना सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतं आणि नळीचा धूर होतो. सोळाचं चित्र सोळातच काढायचं. कडेचा एकेक पिक्सेल बाह्यरेषेला गेला की हातात उरतात १४ × १४. रणगाडा बसका, नळी आडवी. तोफेची नळी तिरकी, थेट वरच्या कोपऱ्यापर्यंत. शिपायाचं डोकं चार पिक्सेल. बेढब दिसलं तरी चारच. खालचा उजवा कोपरा मोकळा सोड, तिथे तुकडीच्या उरलेल्या बळाचा आकडा बसेल.

आकार आधी. रंग नंतर.

मला हट्टी म्हण हवं तर, पण कारण ऐक. शत्रूचं सैन्य आपण वेगळं काढत नाही. पॅलेटमधले, म्हणजे फाइलीतल्या रंगांच्या यादीतले, तीन क्रमांक सैन्याच्या रंगासाठी राखायचे. खेळ सुरू होताना प्रोग्रामर पीएनजीचे, म्हणजे चित्राच्या फाइलीचे, तेवढेच बाइट बदलतो. शून्यापासून मोजलं तर पॅलेटचे रंग ४१ व्या बाइटपासून लागतात. तुझ्या सॉफ्टवेअरने मध्येच गामाची (उजळपणाची) नोंद घुसवली की ही मोजणी चुकते, म्हणून असल्या नोंदी काढूनच फाइल दे. (रंग बदलल्यावर पॅलेटचा सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, नव्याने काढावा लागतो, नाहीतर चित्र उघडतच नाही. ते त्याचं काम, पण आठवण कर.) लाल आपले, निळे त्यांचे, करडे म्हणजे चाल करून झालेले. तुकडी कोणाची आणि तिची चाल झाली का, हे सांगण्यातच रंग खर्ची पडला. ती तुकडी कसली, हे आता आकाराशिवाय कोण सांगणार?

शिवाय त्या काळच्या बऱ्याच पडद्यांवर रंग ४०९६ च. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाच्या १६ पायऱ्या. २५५ च्या मापात दोन पायऱ्यांत १७ चं अंतर. तुझ्या पाच हिरव्यांत सहा-सहाचा फरक आहे. फोनवर त्यांच्या दोन, फार तर तीन छटा उरतील. बाकीची मेहनत वाया. अशी मेहनत करण्यात वर्षं जातात रे, आणि ती परत मिळत नाहीत.

जमिनीत गडद रंग नको, तो तुकड्यांचा. गवताच्या चौकोनात दोन-तीनच काड्या. तोच सोळाचा चौकोन पडद्यावर चौसष्टदा आला की नक्षी डोळ्यांत खुपते.

आणि सगळी चित्रं शेजारी-शेजारी मांडून एकाच पट्टीत, एकाच फाइलीत दे. सोळा रंगांची सुटी पीएनजी, पारदर्शकता धरून, चित्राआधीच १३० बाइट खाते. जारमधली, म्हणजे खेळाच्या बांधलेल्या फाइलीतली, तिची नोंद वर ऐंशी-नव्वद. अशी चाळीस चित्रं म्हणजे अख्ख्या खेळाच्या ६४ केबीतले साडेआठ नुसत्या वेष्टनात गेले.

पुढच्या खेपेला फक्त काळे आकार पाठव. रंगवलेली फाइल आली तर मी उघडणार नाही.

तुझा,
काका