मोहरी बीबी पाठ करू नका, वाचा

तुमची पोस्ट वाचून माझंच पहिलं वर्ष आठवलं. बँकेतली नोकरी, सकाळचं लॉ कॉलेज, शाळा मराठी माध्यमाची, आणि करार कायद्यात एकाच प्रश्नाची दोन उत्तरं. गाइड म्हणतं, अज्ञान (म्हणजे कायद्याने अजून सज्ञान न झालेल्या) मुलाने वय खोटं सांगून पैसे उचलले तरी परत मागता येत नाहीत, बघा मोहरी बीबी ही केस. सर म्हणतात, लाहोर उच्च न्यायालयाने तर परत करायला लावले. यातलं खरं कुठलं, आणि अशा शंभर केसेसची नावं पाठ कशी करायची, असं तुम्ही विचारलंय.

आधीच सांगते, मी प्राध्यापक नाही. तालुक्याला आणि जिल्ह्याला दिवाणी कामं चालवते. तुमच्या विद्यापीठात पेपर कसे तपासतात ते सरांनाच विचारा. प्रस्ताव, स्वीकृती, करार कायद्याची कलम १० आणि ११ (करार कधी वैध आणि कोण करू शकतो) हे तुम्हाला येतंच असं धरून पुढे लिहिते.

दोन्ही निकाल खरे आहेत. ते एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, कारण गाइडने दोन्हींतल्या हकिकती काढून टाकल्या आहेत.

मोहरी बीबीची हकिकत अशी. १८९५ साली कलकत्त्यात धर्मोदास घोष या अज्ञान मुलाने आपली मालमत्ता ब्रह्मो दत्त या सावकाराकडे २०,००० रुपयांसाठी गहाण टाकली. सावकार त्या वेळी गावात नव्हता. त्याचं काम केदारनाथ नावाचा माणूस बघत होता. गहाणखत व्हायच्या आधीच मुलाच्या आईतर्फे तिच्या वकिलाने केदारनाथला पत्र धाडलं होतं, की मुलगा अज्ञान आहे, पैसे द्याल तर स्वतःच्या जबाबदारीवर द्या. तरी केदारनाथने मुलाकडून 'मी सज्ञान आहे' असं लिहून घेतलं आणि व्यवहार उरकला. पुढे मुलातर्फे आईने दावा लावला. सावकार वारला आणि त्याच्या पश्चात मोहरी बीबी अपिलात आल्या. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधलं तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) सांगितलं, अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल. इथपर्यंत गाइड बरोबर आहे.

सावकाराचं पुढचं म्हणणं होतं, की मुलाने सज्ञान असल्याचं लिहून दिलंय, आता त्याला फिरता येणार नाही, म्हणजे एस्टॉपेल. गाइडमध्ये यावर एक ओळ असते: अज्ञानाला एस्टॉपेल लागू नाही, मोहरी बीबी. निकालात तसं नाही! प्रिव्ही कौन्सिल म्हणतं, साक्ष कायद्यातलं एस्टॉपेलचं कलम अज्ञानाला लागू होतं की नाही हे ठरवायची इथे गरजच नाही, कारण ज्याच्यापुढे ते विधान केलं त्याला खरी गोष्ट आधीपासून माहीत होती, तो फसलाच नाही. पैसे परत देण्याचंही तेच. तेव्हाच्या विशिष्ट साहाय्य कायद्यात न्यायालयाला भरपाई देववण्याची मुभा होती, पण मुलगा अज्ञान आहे हे माहीत असूनही पैसे देणाऱ्याला ती मिळाली नाही.

आता १९२८ चं लाहोर, खान गुल विरुद्ध लाखा सिंग. इथे मुलाने वय लपवून जमिनीचा सौदा केला, पैसे घेतले आणि ताबा द्यायला नकार दिला. समोरचा माणूस खरोखर फसलेला होता. पूर्णपीठाने (म्हणजे अनेक न्यायाधीशांनी एकत्र बसून) मोहरी बीबीत उघडा राहिलेला प्रश्न घेतला आणि ठरवलं, एस्टॉपेल नाही, करारही बजावता येणार नाही, पण फसवून घेतलेले पैसे मुलाला ठेवता येणार नाहीत. १९३७ मध्ये अलाहाबादच्या पूर्णपीठाने (अजुधिया प्रसाद विरुद्ध चंदन लाल) हे मानलं नाही. मानायचं बंधनही नव्हतं. एका उच्च न्यायालयाचा निकाल दुसऱ्याचं मन वळवू शकतो, हात बांधू शकत नाही. शेवटी संसदेने १९६३ च्या विशिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम ३३ मध्ये तजवीज केली. प्रतिवादीने 'मी करार करायला सक्षम नव्हतो' असा बचाव घेऊन दावा परतवला, तर त्याला प्रत्यक्ष जेवढा लाभ झाला तेवढा परत करायला न्यायालय सांगू शकतं.

म्हणजे तुमच्या प्रश्नातला एकच मुद्दा ठरवणारा आहे. पैसे देणाऱ्याला वय माहीत होतं का? रेशो म्हणतात तो हाच, हकिकतीला बांधलेला नियम. हकिकत सुटली की उरतं ते घोषवाक्य, आणि घोषवाक्यं एकमेकांशी भांडतात.

हे मला पहिल्याच वर्षी कळलं असतं, पण कळू दिलं नाही. आमच्या कॉलेजात (नाव घेत नाही, अजून तिथलेच लोक समोर उभे राहतात) लॉ रिपोर्टचे बांधीव खंड काचेच्या कपाटात होते आणि कपाटाला कुलूप. काउंटरवर उत्तर ठरलेलं: "फर्स्ट इयरला मिळत नाहीत, नोट्स वापरा." का, तर ते मूट कोर्टवाल्यांसाठी, म्हणजे सरावाचे लुटुपुटूचे खटले चालवणाऱ्यांसाठी. बरं, प्राचार्यांची सही आणा. प्राचार्यांच्या ऑफिसात गेलं की, असा अर्जाचा नमुनाच नाही, ग्रंथालयातून लिहून आणा. ग्रंथालय म्हणणार, आम्ही लिहून देत नाही. हा नियम कुठे लिहिलाय असं विचारलं तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कपाटच मागितलं. विधी महाविद्यालय हो! तिथे एका नियमाचा कागद कुणाला दाखवता आला नाही. फीच्या पावतीवर ग्रंथालय शुल्क मात्र दरवर्षी छापलेलं. वार्षिक परीक्षेत नेमका वय लपवणाऱ्या मुलाचा प्रश्न आला आणि आमच्या अख्ख्या वर्गाने गाइडची तीच ओळ लिहिली. गुण गेले त्याचं फार नाही. वर्षभर कायदा शिकलो आणि एकही निकाल डोळ्यांनी पाहिला नाही, याचा राग अजून आहे. पुढे ज्युनियरशिपमध्ये बार लायब्ररीत बसून जे वाचलं ते पहिल्या वर्षाचं काम होतं.

तुम्हाला हे सोसायची गरज नाही. मोहरी बीबी इंडियन कानून या संकेतस्थळावर फुकट आहे आणि फार लांबही नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्याच ई-एससीआर या संकेतस्थळावर मोफत मिळतात, काहींचे मराठी अनुवादही आहेत. अनुवाद समजण्यापुरता वाचा, उद्धृत करायचं ते मूळ इंग्रजीतून. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, संपादकाने लिहिलेली असते, न्यायाधीशांनी नाही, म्हणून ती सगळ्यात शेवटी. हे अर्थात माझं मत, माझे सिनियर उलट सांगायचे. आणि उत्साहाच्या भरात केशवानंद भारती (संविधानाच्या मूलभूत चौकटीचा निकाल) उघडू नका. १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६, वेगवेगळी ११ निकालपत्रं. त्यातून रेशो काढताना मुरलेले वकीलही घामाघूम होतात.

विधिमंडळ कायदे करतं मग इंग्रजांच्या जुन्या केसेस कशाला, असंही तुम्ही लिहिलंय. करार कायद्यात तुमचा राग थोडा बरोबर आहे. तिथे १८७२ चा अधिनियम आधी, केसेस त्याचा अर्थ लावायला. टॉर्ट्सचा (कराराबाहेरच्या, भरपाई मागता येणाऱ्या दिवाणी चुकांचा) मात्र सर्वसाधारण असा अधिनियमच नाही, तिथे केसेस हाच कायदा. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनमध्ये क्रम लावून दिला होता: आधी लिखित कायदा, मग देशरिवाज, मग प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. या शेवटच्या दारातून इंग्लंडचे नियम आत आले आणि संविधानाच्या अनुच्छेद ३७२ मुळे टिकले. पण ते आपल्याला बांधत नाहीत. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर (१८६८; आपल्या जागेतली धोकादायक वस्तू निसटली तर चूक नसतानाही जबाबदारी) मधले अपवाद धोकादायक कारखान्यांना लागू नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये एम. सी. मेहता प्रकरणात, दिल्लीतल्या ओलियम वायूगळतीनंतर, स्पष्ट सांगितलं. केसेसऐवजी संहितेवर चालणारी दुसरी पद्धत कशी असते हे बघायचं तर लांब जायला नको. गोव्याचा कौटुंबिक कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला, वारसाही २०१६ पर्यंत तिच्यावरच चालायचा, आधी संहिता बघायची मग बाकीचं. माझ्याकडे मडगावच्या एका जोडप्याचं मिळकतीचं काम आलं होतं, तेव्हा मी चक्क नव्याने अभ्यास केला. असो, विषय भरकटला.

पाठांतराचं: नावं शंभर करू नका. प्रत्येक प्रकरणाची एक-दोन केस पूर्ण वाचा, आणि वहीत चारच गोष्टी लिहा: कोणी काय केलं, कोणाला काय माहीत होतं, न्यायालयापुढे नेमका प्रश्न कुठला, आणि कुठला प्रश्न त्यांनी मुद्दाम सोडून दिला. चौथं कुणी लिहीत नाही. मोहरी बीबीत सगळं तिथेच अडलंय.

पेपरात नाव आठवलं नाही तर 'प्रिव्ही कौन्सिलच्या एका निकालात' लिहून हकिकत दोन ओळींत द्या. वर्ष अंदाजाने ठोकू नका, चुकलेलं वर्ष तपासणाऱ्याच्या डोळ्यांत पटकन भरतं. साक्ष कायद्याची कलमं लिहिताना जुन्या गाइडमधला आकडाही तसाच उतरवू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि एस्टॉपेलच्या कलमाचा क्रमांक बदललाय. नवीन बेअर ॲक्ट घ्या, टिपा नसलेला, स्वस्त पडतो.