खून मोजला, चोरी गेली कुठे?

प्रश्न : पंचवटीत आमच्या गल्लीत चोरट्यांनी आजींना भोसकून दागिने नेले. आजी गेल्या. एफआयआरमध्ये खून आणि जबरी चोरी, दोन्ही कलमं आहेत. सरकारी अहवालात दोन्ही येतील ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, ताई. १९८६ साली स्थापन झालेला, केंद्रीय गृहखात्याचा एनसीआरबी (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, देशभरातल्या गुन्ह्यांचा अहवाल हाच काढतो) हा विभाग एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढाच मोजतो. म्हणजे खून एक, चोरी शून्य. खटल्यात मात्र दोन्ही कलमं राहतात, काळजी नको. आकडे पोलीस ठाण्यातून आयुक्तालयात, तिथून राज्याकडे, मग दिल्लीला. मी ठाण्यात रजिस्टर लिहायचो, तेव्हा बेरीज चुकली की वरून फोन यायचा; जे नोंदवलंच नाही, त्याबद्दल कोण विचारणार? फिर्यादीला एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती घ्या आणि कलमं तपासा.