आफ्रिकेतल्या पदवीधरांचं पुढे काय झालं, हे मोजतात कसं?

तुमचे दोन प्रश्न आहेत. 'आफ्रिकेतले निम्मे पदवीधर बेकार' अशा बातम्यांतला आकडा काढतं कोण, आणि एम.ए.च्या प्रबंधात तो घेतला तर चालेल का? दुसऱ्याचं उत्तर लगेच देतो: घेऊ नका. पन्नासहून जास्त देशांतल्या पदवीधरांचा माग काढून आलेला असा एकच एक आकडा अस्तित्वातच नाही. आहेत त्या देशोदेशीच्या, कधी कधी एखाद्याच विद्यापीठाच्या पाहण्या, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबणार आहे, कारण काही काळ नैरोबीत मी अशाच पाहण्यांच्या फोनकामावर देखरेख करायचो आणि त्या कामाबद्दल मला मतं आहेत.

या पाहणीला तिकडे सगळे 'ट्रेसर स्टडी' म्हणतात. रीत साधी. एखाद्या वर्षी बाहेर पडलेल्यांची यादी काढायची, दोन-तीन वर्षांनी त्यांना गाठायचं आणि विचारायचं: सध्या काय करता, कधी लागलात, पगार किती, शिकलेलं कामी येतं का. सगळी गोम त्या गाठण्यात आहे. कॉलेजात असताना लिहून दिलेला नंबर दोन वर्षांनी त्याच माणसाकडे असेल याची खात्री नसते. एकेकाकडे दोन-तीन सिम असतात, ज्याचा डेटा स्वस्त ते चालू. विद्यापीठाचा ईमेल पदवीनंतर कुणी उघडून बघत नाही. मग आधार उरतो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा. पण ज्याचं काही जमलं नाही तो ग्रुपवर आधी गप्प होतो आणि मग कधीतरी निघून जातो. उलट बाजूनं, ज्याला बँकेत नोकरी लागली तो दुपारी तीनला अनोळखी नंबर उचलत नाही. बेकार मुलगा मात्र पहिल्याच रिंगला उचलतो, कारण त्याला वाटतं मुलाखतीचं बोलावणं आलं. म्हणजे निसटणारी माणसं दोन्ही टोकांची असतात आणि चूक नेमकी कुठल्या बाजूला झुकली आहे हे बाहेरून कळत नाही.

हिशेब करून बघा. समजा हजार पदवीधर आहेत. त्यातले तीनशे सापडले आणि त्या तीनशेंपैकी दोनशे दहा कामावर आहेत. अहवाल म्हणेल ७० टक्के रोजगार. न सापडलेल्या सातशेंपैकी एकालाही काम नसेल तर खरा आकडा २१ टक्के, आणि सगळ्यांना असेल तर ९१. मुखपृष्ठावर मात्र ७० छापलेलं असतं, ठळक अक्षरांत. आपल्याकडे 'शंभर टक्के प्लेसमेंट'च्या जाहिराती वाचलेल्यांना यात नवल वाटणार नाही. तिथंही भागाकार पुष्कळदा प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलेल्यांनीच केलेला असतो.

आता समजा सगळेच्या सगळे सापडले. मग काम कशाला म्हणायचं? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येनुसार आठवड्यात एक तास जरी मोबदल्यासाठी काम केलं तरी तुम्ही रोजगारात. याचा परिणाम काय होतो ते नायजेरियात दिसलं. तिथं पूर्वी आठवड्याला वीस तासांपेक्षा कमी काम असलेला माणूस बेकार धरत. २०२० च्या अखेरच्या तिमाहीत बेकारी ३३.३ टक्के होती. पुढे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं एका तासाची व्याख्या घेतली आणि २०२३ च्या पहिल्या तिमाहीचा आकडा आला ४.१ टक्के. तेवढ्यात देशात नोकऱ्यांचा पाऊस पडलेला नव्हता. नव्या व्याख्येवर टीका करणारे पुष्कळ आहेत. ती तुलनेसाठी सोयीची आहे असं माझं मत आहे, पण पदवीधराच्या आयुष्याबद्दल ती जवळजवळ काहीच सांगत नाही.

केनियात ऐंशी टक्क्यांहून अधिक रोजगार असंघटित क्षेत्रात आहे, ज्याला तिकडे 'जुआ काली' म्हणतात. समाजशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी सकाळी शिकवण्या घेते, दुपारी जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून निवडलेले कपडे इन्स्टाग्रामवर विकते आणि शनिवार-रविवारी काकाच्या दुकानात बसते. तिला 'नोकरी आहे का?' असं विचारलं की ती 'नाही' म्हणणार. 'गेल्या सात दिवसांत पैशासाठी, नफ्यासाठी किंवा घरच्या धंद्यात तासभर तरी काम केलं का?' असं विचारलं की 'हो'. दोन्ही उत्तरं खरी आहेत. म्हणून बरी प्रश्नावली नोकरीबद्दल आधी विचारतच नाही. ती तास विचारते, लेखी करार आहे का ते विचारते, पगार दरमहा येतो की मिळेल तेव्हा, आणि काम ओळखीनं मिळालं की जाहिरात बघून. हा शेवटचा प्रश्न लोक वगळतात. मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण विद्यापीठानं काय दिलं आणि घराण्यानं काय दिलं हे त्याशिवाय वेगळं करता येत नाही.

केव्हा विचारलं, हेही बघावं लागतं. नायजेरियात १९७३ पासून तिशीच्या आतल्या पदवीधरांना एक वर्ष राष्ट्रीय युवा सेवेत जावं लागतं, तेही बहुधा स्वतःचं राज्य सोडून दुसऱ्या राज्यात. घानातही वर्षभराची राष्ट्रीय सेवा आहे. तिथं पदवीनंतर एका वर्षानं पाहणी केली तर जवळपास सगळेच भत्त्यावर कुठल्यातरी शाळेत नाहीतर सरकारी कचेरीत बसलेले सापडतील. त्याला रोजगार म्हटलं की आकडा फुगतो, नाही म्हटलं की कोसळतो. खरी परीक्षा सेवा संपल्यानंतरची.

तुमच्या बातमीतल्या 'निम्मे'सारखा आकडा एका ठिकाणी मात्र खरोखर नीट मोजून आला होता. ट्युनिशियाच्या रोजगार मंत्रालयानं जागतिक बँकेसोबत २००४ मध्ये बाहेर पडलेल्या पदवीधरांचा माग घेतला. दीड वर्षानं त्यातले जवळपास निम्मे बिनकामाचे होते. २००७ मध्ये त्याच लोकांना पुन्हा गाठलं. एकाच तुकडीला दोनदा भेटणं ही तिथली जमेची बाजू, कारण बेकारी किती हे कळण्यापेक्षा ती किती टिकते हे कळणं जास्त उपयोगाचं. पण हा आकडा एका देशाचा, एका तुकडीचा आणि अठराव्या महिन्याचा. तो उचलून अख्ख्या खंडावर चिकटवता येत नाही. जाता जाता: डिसेंबर २०१० मध्ये ट्युनिशियातल्याच सिदी बुझिद शहरात स्वतःला पेटवून घेणारा फेरीवाला मोहम्मद बुअझिझी 'बेकार पदवीधर' होता असं तेव्हा जगभर छापून आलं. तो पदवीधर नव्हता, त्याचं माध्यमिक शिक्षणही पुरं झालं नव्हतं. पदवीधर बेकारीची गोष्ट सांगायची इतकी घाई असते की माणसाला पदवीसुद्धा बहाल केली जाते.

अशाच घाईचा दुसरा नमुना मलावीचा. 'मलावीत जेवढे मलावी डॉक्टर नाहीत तेवढे एकट्या मँचेस्टरमध्ये आहेत' हे वाक्य परिषदांमधून वर्षानुवर्षं फिरत होतं. ब्लँटायरच्या वैद्यकीय महाविद्यालयानं, जे १९९१ मध्ये सुरू झालं, आपल्या पदवीधरांची नावानिशी यादी करून कोण कुठं आहे ते पाहिलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जण मलावीतच काम करत असल्याचं दिसलं. गेलेल्यांतलेही बरेच पुढच्या शिक्षणासाठी गेलेले होते. तुकड्या लहान होत्या म्हणून हे जमलं, हे खरं. वर्षाला दहा हजार पदव्या वाटणाऱ्या विद्यापीठाला तसं जमणार नाही.

मग मोठ्या विद्यापीठांनी काय करावं? एक वाट सरकारी नोंदींची. दक्षिण आफ्रिकेत प्रत्येकाला तेरा अंकी ओळख क्रमांक असतो, त्यामुळे शालान्त परीक्षेपासून विद्यापीठापर्यंतच्या नोंदी जोडता येतात. केनियात उच्च शिक्षण कर्ज मंडळ कर्जाचे हप्ते मालकामार्फत पगारातून कापून घेतं, म्हणजे कर्ज घेतलेल्यांपैकी पगारावर कोण आहे हे त्याला आपोआप कळतं. फोन नको, ग्रुप नको. पण अशा नोंदीत पगारपत्रक असलेलाच दिसतो. वर सांगितलेली शिकवण्या घेणारी मुलगी, लंडनला गेलेली नर्स आणि घरी बसलेला इंजिनिअर हे तिघे तिथं एकसारखेच कोरे. पुण्यात शिकून परतलेले केनियन किंवा टांझानियन विद्यार्थी तर त्यांच्या देशातल्या कुठल्याच विद्यापीठाच्या यादीत नसतात.

दक्षिण आफ्रिकेबद्दल आणखी एक गोष्ट. 'पदवी घेऊन काय उपयोग' हे वाक्य तिथंही ऐकू येतं, पण २०२४ च्या पहिल्या तिमाहीत देशाची एकूण बेकारी ३२.९ टक्के असताना पदवीधरांची सुमारे १२ टक्के होती. पदवी अजूनही मोठं संरक्षण आहे. फक्त ते सगळ्यांना सारखं मिळत नाही. ईस्टर्न केप प्रांतातल्या ऱ्होड्स आणि फोर्ट हेअर या दोन विद्यापीठांच्या पदवीधरांची शेजारी शेजारी ठेवून पाहणी झाली. एक वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांसाठीचं, दुसरं कृष्णवर्णीयांसाठीचं, जिथं मंडेला शिकले. ऱ्होड्सवाल्यांची बेकारी बरीच कमी निघाली. पण दोन्हीकडची मुलं कुठल्या शाळांतून आली आणि कुठले विषय घेऊन शिकली हेही फार वेगळं होतं. विद्यापीठाची क्रमवारी लावण्यासाठी रोजगाराचा आकडा वापरणाऱ्यांनी ही तुलना आधी वाचावी. पुष्कळदा त्या आकड्यात विद्यापीठापेक्षा शाळाच जास्त बोलते.

माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाची रीत मोझांबिकमध्ये वापरली गेली. तिथं माणसं पांगल्यावर शोधायला कुणी निघालं नाही. २०१७ मध्ये मापुतो आणि बेइरा इथल्या सहा विद्यापीठांतल्या शेवटच्या वर्षाच्या दोन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांना वर्गात असतानाच गाठलं, आणि मग दर तिमाहीला फोन करत राहिले. त्यामुळे नोकरी कधी लागली हे आठवून सांगावं लागलं नाही. ते घडत असताना नोंदलं गेलं. शिवाय बाहेर पडण्याआधी त्यांना किती पगाराची अपेक्षा होती हेही लिहून ठेवलेलं होतं. प्रत्यक्षात मिळालेला पगार त्याच्या बराच खाली निघाला. पदवीनंतर विचारलं असतं तर बहुतेकांनी 'एवढाच वाटला होता' असं सांगितलं असतं.

खर्चाची सबब सांगणाऱ्या विद्यापीठांना एक स्वस्त उपाय आहे. केनिया, युगांडा, नायजेरियात विद्यार्थ्याला पदवीआधी ग्रंथालय, वसतिगृह, फी विभाग असं सगळीकडून 'क्लिअरन्स' घ्यावं लागतं. त्याच कागदाला एक पान जोडायचं: स्वतःचे दोन नंबर, आईचा किंवा मोठ्या भावाचा एक, गावाचं नाव. आमच्या अनुभवात मुलांचे नंबर बदलायचे, आयांचे नाही. फोन झाल्यावर थोडा एअरटाइम, म्हणजे मोबाइलचा रिचार्ज, पाठवला तर पुढच्या वेळी तोच माणूस स्वतःहून बोलतो.

प्रबंधासाठी एकच देश आणि एकच तुकडी निवडा. अहवाल हातात आला की निष्कर्ष वाचण्याआधी मागची कोष्टकं उघडा आणि यादीत किती नावं होती, किती सापडली, पदवीनंतर कितव्या महिन्यात विचारलं आणि काम कशाला म्हटलं, एवढं लिहून काढा. यातलं काही छापलेलंच नसेल तर तो अहवाल बाजूला ठेवा, नाव कितीही मोठं असो. सुरुवात मोझांबिकपासून केलीत तर पोर्तुगीज येत नाही म्हणून अडणार नाही. त्या पाहणीवरचे निबंध इंग्रजीत आहेत.