बोटावर ९८, तरी दम का लागतो?

‘ऑक्सिजन बरोबर आहे, मग श्वास का पुरत नाही?’ हा प्रश्न देवगड-वेंगुर्ल्यापर्यंतच्या इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट लिहायलाच हवं.

मालवणकडची एक बाई. नवरा ट्रॉलरवर. वारा सुटला की छाती आवळायची, ओठांभोवती मुंग्या यायच्या, बोटं आखडायची. डॉक्टरांनी ईसीजी, हिमोग्लोबिन पाहिलं; दमाही नव्हता. तरी ऑक्सिमीटर बोटाला लावूनच बसायची.

माझ्याकडच्या तिसऱ्या भेटीत मी तिला म्हटलं, “श्वास सोडा, नाक धरा आणि आकड्याकडे बघा.” पंचविसाव्या सेकंदाला तिनं हात काढला. आकडा ९८च.

“दम लागला ना? ऑक्सिजन तर तेवढाच आहे.”

ती यंत्राकडे बघतच राहिली. “मगे दम लागलो कशान?”

याच ‘कशान’ची मी वाट बघत होते. भीतीला धीर देऊन भागत नाही, तिला कारण दिसावं लागतं, हे माझं ठाम मत.

दम लागला तो साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडनं. त्यामुळे वाढणारी आम्लता मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेतल्या पेशी टिपतात आणि श्वासाचा वेग ठरवतात. ऑक्सिजनचे पहारेकरी तांदळाच्या दाण्याएवढे, मानेतली धमनी दुभंगते तिथं. पण ऑक्सिजनचा रक्तातला दाब ६० मिमी पाऱ्याच्या आसपास उतरेपर्यंत ते फारसा गलका करत नाहीत.

घाबरून भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइडचा दाब नेहमीच्या ३५–४५ मिमीच्या खाली जातो. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं, मुंग्या येतात. म्हणजे ‘मोठ्ठा श्वास घे’ हा घरच्यांचा सल्लाच उलटा!

तिला दिलं ते एवढंच: नाकानं ४ मोजत हलका श्वास, ६ मोजत सोडायचा, १० मिनिटं, दोन वेळा, तेही बरं वाटत असताना. सुरुवातीला हवा कमी पडल्यासारखी वाटते, कारण मेंदूला कमी कार्बन डायऑक्साइडची सवय झालेली असते. तेव्हा उसासे टाकायचे नाहीत. कागदी पिशवीत श्वास घेणं तर नकोच; दुखणं फुप्फुसाचं किंवा हृदयाचं निघालं तर ऑक्सिजन खरोखरच घसरतो. छातीत कळ, आकडा ९४ च्या खाली किंवा असा झटका पहिल्यांदाच आला, तर आधी डॉक्टर.

पाचव्या भेटीत तिनंच विचारलं, “माझो भाचो बुडी मारूच्या आधी धा-बारा श्वास भरभर घेता. बरा ना ता?”

“अजिबात नाही. त्यानं कार्बन डायऑक्साइड निघून जातो, दम लागायला उशीर होतो, आणि त्याआधीच ऑक्सिजन संपून पाण्यात शुद्ध हरपते.”

तिनं तिथूनच भाच्याला फोन लावला.