मुलगा म्हणतो, मी पैसे घेऊन लढतो

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत सुभेदार साहेब खुर्चीच्या कडेवर ताठ बसले होते. सातारा जिल्ह्यातलं गाव, फौजेत अठ्ठावीस वर्षं काढून निवृत्त. (ओळख लपावी म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

"मॅडम, आमच्या घरात तीन पिढ्या फौजेत गेल्या. आणि हा पोरगा कॉम्प्युटरवर गेम खेळतो आणि मला तोंडावर सांगतो, मी मर्सिनरी आहे. जो पैसे देईल त्याच्यासाठी लढतो."

शेजारी बसलेल्या ताईंना त्या शब्दाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी पिशवीतून मुलाचं पासबुक काढून माझ्यापुढे धरलं. यूपीआयवरून आलेल्या तीन रकमांना पेन्सिलीनं गोल केलेले होते: 1,500, 2,000 आणि 1,200. तिन्ही नावं अनोळखी. "रात्री साडेतीनला उठतो. डोकं दुखतंय म्हणून कॉलेजला जात नाही. विचारलं तर म्हणतो, आई, मी कमावतोय. खरंच असे पैसे मिळतात का हो? आणि मिळत असले तर ते चांगले की वाईट?"

हा प्रश्न मला हल्ली महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. बहुतेक पालक 'किती तास खेळतो' इथून सुरुवात करतात. ताई पैशापासून सुरू झाल्या, आणि मला ते जास्त बरोबर वाटलं.

मुलगा वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दुसऱ्या दिवशी एकटा आला तो भाषण ऐकायच्या तयारीनं, हाताची घडी घालूनच. मी त्याला एवढंच विचारलं, "पगार कसा होतो तुमचा?"

घडी सुटली. माझं पॅड ओढून घेऊन तो चित्र काढायला लागला.

तो खेळतो ती 'इव्ह ऑनलाइन'. आइसलँडच्या सीसीपी या कंपनीनं 2003 मध्ये सुरू केलेली, चीन सोडून जगभरातले खेळाडू एकाच अंतराळात असलेली गेम. तिथे कारखाने, बाजार, युती, फितुरी सगळं खेळाडूच उभं करतात. चलन इस्क, आइसलँडच्या खऱ्या चलनाचं लघुरूपही तेच. कुणाला शत्रूचा तळ पाडायचा असतो, पण माणसं नसतात. कुणाला खाणकामाच्या जहाजांना राखण हवी असते. मग भाड्यानं लढणाऱ्या टोळ्यांशी बोलणी होतात. थोडी रक्कम आगाऊ, बाकीची काम फत्ते झाल्यावर. जहाज फुटलं की गेम आपोआप नोंद करते: कोणतं जहाज, त्यावर काय काय बसवलं होतं, कुणाकुणाचे घाव लागले. काम झाल्याचा पुरावा तोच. रक्कम आली की टोळीचा वाटा काढून उरलेली हजर असलेल्यांत वाटतात, शिवाय फुटलेल्या जहाजांतून मिळेल ती लूट.

"आणि ज्यानं काम दिलं त्यानं पैसे बुडवले तर?"

"काही करता येत नाही, मॅडम. तोंडी करार गेम पाळून घेत नाही. सगळं नावावर चालतं. आमच्या टोळीनं शब्द मोडला तर पुन्हा कुणी काम देणार नाही."

मग साडेतीन वाजता का उठायचं? तळावर हल्ला करून त्याची ढाल पाडली की तो काही काळ अभेद्य होतो. तो पुन्हा कधी उघडा पडायचा, ती वेळ मालकानं आधीच ठरवून ठेवलेली असते. मालक युरोपातला असेल तर तो आपल्या सोयीची रात्रीची वेळ ठेवतो. गेमच्या घड्याळात 22:00 म्हणजे आपल्याकडे पहाटेचे 3:30. त्या वेळेला 'टायमर' म्हणतात. टायमर चुकला की आठवडाभराची मेहनत पाण्यात, आणि ज्याच्याकडून पैसे घेतले त्याच्यापुढे टोळीची मान खाली. चाळीस जण हजर आणि हा एकटा झोपलेला, ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. कॉलेजात त्याची गैरहजेरी कुणाच्या लक्षात येत नव्हती. तिथे येत होती. हे त्यानं बोलून दाखवलं नाही. पॅडवर चाळीस ठिपके काढले आणि त्यातल्या एकाभोवती गोल केला, तेव्हा मला कळलं.

आईवडील 'व्यसन' हा शब्द घेऊनच आले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 2022 पासून 'गेमिंग डिसऑर्डर' लागू झाला आहे हे खरं. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटलेला असावा लागतो, बाकी सगळ्यावर खेळाची कुरघोडी झालेली असावी लागते, नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहावा लागतो, आणि हे सगळं साधारण वर्षभर. या मुलाचा एक विषय राहिला होता, झोपेचं खोबरं झालं होतं, पण टायमर नसलेल्या दिवशी तो गेम उघडतही नव्हता. मित्रांबरोबर अजिंक्यताऱ्यावर जात होता. मी त्याला व्यसनी म्हटलं नाही, आणि आईवडिलांनाही म्हणू नका असं सांगितलं. तो शब्द एकदा घरात शिरला की मूल पुढचं काही सांगत नाही.

मिळकतीचा हिशेब मात्र त्याच्याकडूनच मांडून घेतला. इस्क बँकेत जात नाही. ते देऊन गेमच्या बाजारात 'प्लेक्स' नावाची टोकनं घ्यायची आणि 500 प्लेक्स भरले की गेमची महिन्याची वर्गणी भागते. ती वर्गणी रोख भरली तर 20 डॉलरच्या आसपास, म्हणजे साधारण सतराशे रुपये. त्या महिन्यात तो सत्तर तास लढला होता. भागाकार त्यानंच केला: तासाला चोवीस रुपये, आणि तेही हातात न येणारे, फक्त वाचलेले.

"पण मॅडम, पोरं मैदानावर क्रिकेट खेळतात, त्यांना कोण तासाचे पैसे देतं?"

बरोबरच होतं त्याचं. छंद आपला खर्च आपण भागवत असेल तर उत्तमच. मी म्हटलं, "मग घरी तसंच सांग ना. कमावतोय असं का सांगतोस?"

"नुसतं खेळतोय म्हटलं तर बाबा ऐकून घेतात का?"

आता पासबुक. 'कमावतोय' हे खरं करून दाखवण्यासाठी त्यानं साठवलेले इस्क चॅटवर भेटलेल्या लोकांना रुपयांत विकले होते. त्याला वाटत होतं, फार तर खातं बंद होईल. गेमचं खातं बंद होऊ शकतं हे खरंच. इव्हमध्ये हेरगिरी चालते, विश्वासघातही चालतो. 2005 मध्ये एका भाडोत्री टोळीनं सुपारी घेऊन महिनोन्महिने शत्रूच्या गटात माणसं पेरली आणि एका रात्रीत सुमारे 16,500 डॉलर किमतीची मालमत्ता लुटली किंवा उडवली. कंपनीनं त्यांना हात लावला नाही. पण इस्क खऱ्या पैशाला विकणं कंपनीला मुळीच चालत नाही.

माझी काळजी वेगळी होती. समोरच्यानं पाठवलेले दोन हजार रुपये कुणाच्या फसवणुकीतून आले असतील तर? ज्याची फसवणूक झाली तो 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैशाचा माग निघतो, आणि ज्या ज्या खात्यातून ते फिरले त्यातली रक्कम अडकते, कधी कधी अख्खं खातंच गोठतं. माझ्याकडे असा एक मुलगा येऊन गेला आहे. त्याचा काही गुन्हा नव्हता, तरी कॉलेजची फी भरायच्या आठवड्यात खातं बंद पडलं, आणि त्याचे वडील एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरत राहिले. हे सांगितल्यावर या मुलाचा चेहरा उतरला. त्यानं विक्री थांबवली. तिघांशी झालेलं बोलणं जपून ठेवलं आणि वडिलांना दाखवलं. दुसऱ्याच्या गेमच्या खात्यात शिरून, त्याच्या नावानं खेळून त्याला रँक चढवून द्यायचं एक कामही त्याला वर्गातून आलं होतं. दक्षिण कोरियात 2019 पासून असं काम पैसे घेऊन धंदा म्हणून करणं गुन्हा आहे. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नसला तरी खातं बंद होतंच, आणि पासवर्ड हातात असताना काही गेलं तर आळ तुझ्यावर येईल, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. ते काम त्यानं घेतलं नाही.

तिघांना एकत्र बसवलं तेव्हा सुभेदार साहेब अजून त्या एका शब्दावरच अडले होते. भाडोत्री. त्यांचं दुखणं खरं होतं, ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं. मी मुलाला विचारलं, "जहाज फुटलं तर नवीन कोण देतं?"

"दोन प्रकार असतात, मॅडम. काही टोळ्या भरपाई देतात. काहींत जहाज आपलं आपण आणायचं, मग वाटा जास्त."

सुभेदारांनी मान वर केली. "म्हणजे बारगीर आणि शिलेदार."

मुलाला ते शब्द माहीत नव्हते. वडिलांनी समजावलं: महाराजांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा, म्हणून त्याला मोबदला जास्त. पगार दोघंही घ्यायचे. "पण कुणाचा घेतो हे माहीत असायचं," ते म्हणाले. मग पोराकडे वळून, "तुला माहीत असतं, तुझा पैसा कुठून येतो?"

मुलगा प्रामाणिक होता. कधी कधी नसतं, म्हणाला. 2016 मध्ये याच गेमच्या एका मोठ्या युद्धात जुगाराचा धंदा चालवणाऱ्या खेळाडूंनी भाडोत्री टोळ्यांना पैसा पुरवला होता आणि त्याच वर्षी कंपनीनं तसला जुगार बंद केला, हेही त्यानं स्वतःहून सांगितलं. बापलेकांचं इतकं लांब बोलणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, असं ताई मला नंतर दारात म्हणाल्या.

ठरलं ते असं. पहाटेचे टायमर महिन्याला दोनच, तेही शनिवार-रविवारचे, आणि टोळीच्या म्होरक्याला त्यानं स्वतः तसं कळवायचं. कळवल्यावर म्होरक्यानं एका ओळीत 'ठीक' म्हटलं. आपल्याला काढून टाकतील अशी मुलाची खात्री होती. खात्यात गेमचा एकही रुपया येणार नाही. राहिलेल्या विषयाची परीक्षा नोव्हेंबरात.

तो विषय सुटला. झोप अजून पुरती ताळ्यावर आलेली नाही, आणि ताई अजून साडेतीनला जाग्या होतात, टायमर असो वा नसो. त्यासाठी त्या आता माझ्याकडे वेगळ्या येतात. गेल्या खेपेला त्यांनी सांगितलं की रविवारी पहाटे त्यांना मुलाच्या खोलीतून दोन आवाज ऐकू आले. दार लोटून पाहिलं तर सुभेदार साहेब बनियनवर, स्टुलावर बसलेले.

"गेलं का रे जहाज?"

"गेलं, बाबा."

"भरपाई?"

"मिळणार आहे."

"कोण देणार, नाव सांग."