पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) रायफलची हवा लवकर संपते आणि ग्रुप (निशाण्यावरच्या छिद्रांचा पुंजका) उभा पसरतो, हॅमर स्प्रिंग घट्ट करू का?

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड १० मीटर मॅच रायफल घेतली, २०० बार भरल्यावर जेमतेम १५० शॉट निघतात, आणि थोडं थांबून मारलेला पहिला शॉट वर जातो. स्प्रिंग घट्ट करू नका. माझा अंदाज आहे की आधीच्या मालकाने तेच केलंय.

ट्रिगर दाबला की स्प्रिंगने ढकललेला हॅमर (छोटा हातोडा) व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, तेवढी हवा पेलेटमागे (छऱ्यामागे) जाते. स्प्रिंग घट्ट केली की व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो. काही मर्यादेपर्यंत वेग वाढतो, मग वाढायचा थांबतो. पेलेट नळीतून निघून गेलेलं असतं आणि व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो. ती हवा फुकट जाते. आवाज मात्र मोठा होतो.

हिशोब करून बघा. समजा सिलिंडर २०० सीसीचं आहे आणि रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब उतरवून व्हॉल्व्हला कायम एकसारखा देणारा भाग) ८० बारवर लावलेला आहे. वापरायला मिळतात १२० बार, म्हणजे बाहेरच्या साध्या दाबाला मोजली तर २४ लिटर हवा. १५० शॉटला शॉटमागे १६० सीसी. साडेसात जूलच्या रायफलला १०० सीसीच्या आसपास पुरायला हवी. पण आधी गळती बघा: भरून रात्रभर ठेवा, सकाळी गेज वाचा. (भरताना सिलिंडर तापतं, गार झालं की काटा आपोआप थोडा उतरतो. ती गळती नव्हे. मीही एकदा फसलोय.)

गळती नसेल तर क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजणारं यंत्र) मिळवा, क्लबात कुणाकडे तरी असतोच. एकाच डब्यातली पेलेट घ्या. स्प्रिंग सैल करून सुरुवात करा, पाव-पाव फेरा घट्ट करत दर वेळी दहा शॉटची सरासरी लिहा. वेग वाढायचा थांबला की तो आकडा धरा आणि स्प्रिंग परत सैल करत वेग त्याच्या ३ ते ५ टक्के खाली आणा. हवा वाचते ती इथे. तिथला वेग १७० मीटर प्रतिसेकंदाच्या पुष्कळ खाली-वर असेल, तर तो स्प्रिंगने ओढू नका. तिथे रेग्युलेटरचा दाब बदलावा लागतो.

आता पहिला शॉट वर जाण्याचं. ते स्प्रिंगचं दुखणंच नाही. रेग्युलेटरची सीट (हवा अडवणारी आतली बैठक) झिजली किंवा तिथे कचरा अडकला की रायफल नुसती पडून असतानाही रेग्युलेटरच्या पुढचा, व्हॉल्व्हकडचा दाब हळूहळू चढत राहतो. खात्री करायची तर दोन शॉट लागोपाठ मारा, पंधरा मिनिटं थांबा, तिसरा मारा. तिसऱ्याचा वेग उडी मारत असेल तर चोर सापडला. मी हे न तपासता तीन रविवार स्प्रिंगशी खेळत बसलो होतो.

१७० आणि १७३ मधला फरक क्षुल्लक वाटतो, पण १० मीटरवर तो सुमारे ०.६ मिलिमीटर उभा फरक आहे. दशांश गुणांत ०.२ तिथेच गेले.

रेग्युलेटर घरी उघडू नका. हाताळायचाच असेल तर सिलिंडर काढून रायफलमध्ये उरलेली सगळी हवा सोडल्याशिवाय एकही स्क्रू फिरवू नका, आणि ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच लावा. साधं मशीन ऑइल दाबाच्या हवेत पेट घेऊ शकतं. सिलिंडरवर कोरलेली तारीखही बघून घ्या, सेकंडहँडमध्ये मुदत उलटलेली सर्रास खपवतात.