कस्टमर केअरच्या उत्तराची वाट पाहू नका

पारोळ्याच्या एका भाऊंचं पत्र आहे. अकरा वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह, दंडावर ग्लुकोज सेन्सर. मे महिन्यातल्या एका रात्री मोबाइलवर साखर २९० दिसली म्हणून आईने इन्सुलिन दिलं. पहाटे पोरगी घामाने चिंब, हाक मारली तर उठेना. बोट टोचून पाहिलं तर साखर धोकादायक कमी, ४१. जळगावला ॲडमिट करावं लागलं. आता बरी आहे. सेन्सरची कंपनी म्हणते, तो तुम्हीच उन्हात ठेवला. भाऊ विचारतात, कंपनीवर दावा करता येईल का?

भाऊ, दावा करता येतो. पण येत्या महिन्यात त्या रात्रीला दोन वर्षं होतील, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार मुदत तेवढीच. कंपनीला पाठवलेल्या ईमेलनी ती वाढत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. ‘आम्ही उत्तराची वाट पाहत होतो’ या कारणावर उशीर माफ होईलच असं धरून चालू नका. तेवीस महिने तुम्ही वाट पाहिलीत, याचा मला खरंच राग येतो. असली पत्रं माझ्याकडे नेहमी येतात, बहुतेक मुदत गेल्यावर.

तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येते, कारण तुम्ही त्या जिल्ह्यात राहता. ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही भरता येते. सेन्सरची किंमत पाच लाखांच्या आत, म्हणून फी नाही.

उन्हाचा मुद्दा कोणाच्या बाजूने जाईल, आज सांगता येत नाही. अशा सेन्सरच्या खोक्यांवर साठवणीची मर्यादा साधारण ३० अंश असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. सेन्सर तुमच्या घरात तापला की कुरिअरच्या गाडीत, हे पावतीवरच्या तारखांवरून थोडंफार कळेल. ‘शंका आली तर बोट टोचून तपासा’ असं माहितीपत्रकात असेल, तर कंपनी तेही पुढे करेल.

खोकं तुम्ही फेकलंत. निदान ॲप काढू नका, खातं बंद करू नका. त्या रात्रीचा आलेख आजच डाउनलोड करा. त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र मी जोडून घेईन. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि आजारी लेकराच्या आईबापाला तारखांवर हेलपाटे घालायला लावणं मला पटत नाही. तरी दाखल कराच.

वहिनींना सांगा, चूक त्यांची नाही, स्क्रीनवर जे दिसलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. शपथपत्र मात्र त्यांचंच लागेल. किती वाजता उठल्या, किती युनिट दिलं, सगळं या आठवड्यात त्यांच्याकडून लिहून घ्या.